हाजरीबाबूंचा जपान

जपानात आजवर काय काय झालं! लढाया झाल्या, भूकंप झाले, गावंच्या गावं जळाली, आणि ज्यांना यातलं काहीच झालं नाही त्यांनी तलवार घेऊन स्वतःचं पोट फाडून घेतलं. पण नाकाडोंगरीच्या आमच्या वाचनालयात, मागच्या लोखंडी कपाटाच्या तिसऱ्या खणात जो जपान होता, त्यात एकही माणूस मेला नाही. सात ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या, प्रत्येकीत किमान एक लढाई, आणि मृतांची संख्या शून्य. लढाईला जेवढे गेले तेवढे परत आले, आणि लेखकाने ते मोजून घेतले.

लेखक खाणीत हाजरीबाबू होते. आमच्या भागात मँगनीजच्या खाणी आहेत. अशाच एका खाणीच्या फाटकाशी, छोट्या खिडकीमागे बसून कोण पाळीला आला, कोण खाली उतरला, कोण वर आला, हे लिहिणं त्यांचं काम. उरलेल्या वेळात ते जपान लिहायचे. मी वाचनालयाचा ग्रंथपाल. म्हणजे झाडूवाला, शिपाई, कारकून आणि बल्ब गेला तर वायरमन. सरकारदरबारी वाचनालयांचे वर्ग असतात, त्यात आमचा शेवटचा. त्याखाली वर्गच नाही, नाहीतर आमच्या कार्यकारिणीने तोही पटकावला असता.

बाबू पहिल्यांदा आले तेव्हा चप्पल बाहेर काढून, दारातूनच म्हणाले, "जय भीम. जपान आहे का जी तुमच्यापाशी?"

मला वाटलं पुस्तकाचं नाव असेल. मी विचारलं, "कोणाचं?"

"कोनाचं म्हंजे? जपानी लोकायचं."

शोधल्यावर आमच्या संग्रहात जपान तीन ठिकाणी सापडला. एक पोरांसाठीचं चित्रांचं पुस्तक, एक घरबसल्या कराटे शिकवणारं, आणि एक कुंडीत वड वाढवण्याची पद्धत सांगणारं. बाबूंनी तिन्ही नेली आणि पंधरा दिवसांनी टिपणांसकट परत आणली. कराट्याच्या पुस्तकातल्या प्रत्येक चित्राखाली त्यांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, "पायात काय घातलं आहे ते दिसत नाही."

जपानच काहून, असं मी एकदा विचारलं. म्हटलं, प्रेमकथा लिहायला आपल्याकडे जागा कमी आहे का? तर म्हणाले, "माह्या बापानं चाळीस वरसं खाणीत दगड फोडला, भाऊ. तो सांगे का हा दगड रेल्वेत बसते, मंग जहाजात बसते, अन् जपानले जाते. आपल्या घरचा दगड जाऊन राहिला, मंग आपन काहून नाई जाचं?" दगड खरंच तिकडे जायचा की नाही, ते मला ठाऊक नाही. पण बापाचा शब्द आणि मुलाचं डोकं, दोन्ही त्याच खाणीतले असल्यामुळे मी वाद घातला नाही.

खरा जपान आमच्याकडे एकेकाळी होता. माहितीच्या एका जाडजूड ग्रंथमालेतला 'ज'चा खंड एका गुरुजींनी घरी नेला होता. मग आमच्या भंडारा जिल्ह्याचे फुटून दोन जिल्हे झाले, गुरुजी पलीकडच्या वाट्याला गेले, आणि त्यांच्याबरोबर जपान गोंदियाला गेला. पत्रं लिहिली. गुरुजींचं उत्तर आलं की खंड सुखरूप आहे, पण दमट हवेत प्रवास करण्याच्या स्थितीत नाही. तेव्हा बाबूंनी स्वतःच प्रवास केला. सुट्टीच्या दिवशी पहाटेच तुमसर रोड स्टेशनला जायचं, गाडी धरायची, गुरुजींच्या ओसरीवर बसून चार पानं उतरवायची, संध्याकाळी परत. वर्षभर हे चाललं. घरी कोणी विचारलं तर त्यांची बायको पापड लाटता लाटता सांगायची, "ते जपानले गेले, संध्याकारी येतीन." खाणीच्या कॉलनीत कोणालाही यात काही वावगं वाटत नव्हतं.

पाहिल्याशिवाय लिहायचं नाही, हा त्यांचा बाणा. आता जपान तर पाहिलेला नव्हता. यातून त्यांनी काढलेली वाट अशी, की जपानातलं जे जे इथे सापडेल ते ते इथे पाहून घ्यायचं. सामुराईचा किल्ला हवा, तर आंबागड आहेच. चिलखताचं वजन गोंदियाच्या खंडात होतं. तेवढं वजन पाठीवर घेऊन माणूस गड किती वेळात चढतो, हे मात्र कुठल्याच खंडात नव्हतं. एका सकाळी त्यांनी मला सोबत नेलं आणि पायथ्याशी सायकलवरून तांदळाचं पोतं उतरवलं.

"मी तं बुढा मानूस," ते म्हणाले, "तुमी जवान आहा."

मी चढलो. अर्ध्या वाटेवर मी जपानच्या तमाम राजवंशांचा उद्धार केला, तोही त्यांनी खालून ऐकला असावा. उतरल्यावर त्यांनी घड्याळ पाहून वेळ लिहिली आणि त्यातून सरळ वीस मिनिटं वजा केली. का, तर म्हणे, सामुराईने चढताना एवढं तोंड चालवलं नसतं.

साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांचा प्रश्न फार दिवस अडला होता. चेरी त्यांनी फक्त तुमसरच्या बेकरीत केकवर पाहिली होती. ग्रंथात एवढंच, की ही फुलं वसंतात येतात, झाडाखाली सडा पडतो आणि सगळा देश ती पाहायला लोटतो. बाबूंनी विचार केला. वसंतात येणारी, झाडाखाली सडा पाडणारी फुलं म्हणजे मोह. तेव्हापासून त्यांच्या कादंबऱ्यांत जपानी ललना उजाडायच्या आत टोपल्या घेऊन साकुरा वेचायला रानात जायच्या, अस्वल आलं तर ओरडून एकमेकींना सावध करायच्या, आणि आणलेली फुलं अंगणात वाळत घालायच्या. पुढे त्या फुलांचं काय व्हायचं, हे कादंबरीत कुठेच नव्हतं. मी खोदून विचारलं तेव्हा ते इकडेतिकडे पाहून म्हणाले, "सरबत."

भाषेचंही तसंच. त्यांचे सामुराई शुद्ध पुस्तकी मराठीत बोलत. "प्रिये, माझी प्रतीक्षा करू नकोस," वगैरे. आणि नायिका हारुको, जी शेतकऱ्याची पोर, ती म्हणे, "काहून जी, लढाईले चालले? मंग धानाच्या बांधीत पानी कोन सोडन?" मी म्हटलं, बाबूजी, हे शोभत नाही. ते चिडले. "जपानात धान पिकते का नाई? मंग धानवाले धानवाल्यावानीच बोलन ना! चिखलात धानाचा रोवना करनारी बाई 'मला असं वाटतं' म्हनन का? तिले काई वाटाले टाईम आहे का?" यावर जपानी माणसापाशीही उत्तर असेल असं वाटत नाही.

शिवाय त्यांच्या जपानात लग्न झालेली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे. त्यामुळे दुसऱ्या प्रकरणानंतर नुसते 'ते' आणि 'आमच्या घरचे' उरत. एका कादंबरीत तर लढाईवरून आलेले तीन जण एकाच ओसरीवर बसले होते, आणि त्यातला नवरा कोणता हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. आणि प्रेम? प्रेमकादंबरीत तेही लागतं. नायक नायिकेचा हात धरणार, इतक्यात एखादी म्हातारी काठी टेकत हमखास यायची. म्हातारीचं काम झाल्यावर तीही आपल्या घरी नीट पोचायची.

कारण हजेरी! प्रत्येक कादंबरीला एक वेगळं मस्टर असायचं. डावीकडे पात्रांची नावं, वर प्रकरणांचे आकडे, आणि चौकटीत 'हाजर', 'गैरहाजर', 'रजा'. सहाव्या प्रकरणात जो क्योटोला आहे तो त्याच प्रकरणात किल्ल्यावर दिसता कामा नये. घोड्यांचीही नोंद होती. हारुकोच्या सासूला तेरा ते पंधरा अशी तीन प्रकरणं आजारपणाची रजा दिली होती, आणि सोळाव्यात ती कामावर रुजू झाली होती. मी हसलो, तर म्हणाले, "हासा. पन एक बी मानूस हरवला नाई माह्या हातून."

अशा सात वह्या झाल्या. छापलेली एकही नाही. वाचक दोन, एक मी, आणि दुसरा मीच, कारण शुद्धलेखन तपासायला मी पुन्हा वाचत असे. टिंगल करायला हक्काचा माणूस मिळाला म्हणून मी सुरुवातीला वाचल्या, हे कबूल करतो. पुढे सवय लागली.

निवृत्तीला वर्ष उरलं तेव्हा ते एका दुपारी माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मग म्हणाले, "भाऊ, एक डाव आपलं नाव छापलेलं पाहाचं आहे. जिंदगीभर कागदावर दुसऱ्यायचीच नावं लिवली. जाच्या आंधी एक पुस्तक तं निघाले पायजे."

हे त्यांनी इतकं साधेपणाने म्हटलं की मला टोमणा सुचला नाही. मी सातवी कादंबरी घेतली, तुमसरला झेरॉक्स काढली आणि नागपुरातल्या एका प्रकाशकाला पाठवली. तो वाचनालयांना पुस्तकं पुरवायचा. खून, रहस्य, जादूटोणा आणि प्रेम, सगळं एकाच मापाच्या मुखपृष्ठात. दोन महिन्यांनी त्याचा वाचनालयात फोन आला. बाबू माझ्या शेजारीच उभे होते.

"कहानी मस्त आहे," प्रकाशक म्हणाला. "भाषा थोडी अलग आहे, पण चालून जाईल, जपानी वाटते. फक्त एकच. हिरो मरत काहून नाही?"

"मरत नाही," मी म्हणालो.

"अहो, जपान आहे! जपान म्हटलं तर हाराकिरी पाहिजे ना! लोक त्याच्यासाठीच घेतात. हिरोला मारा, मी दिवाळीच्या आधी काढून देतो."

फोन ठेवला आणि बाबूंना सांगितलं. ते वही घेऊन गेले. पंधरा दिवसांत त्यांनी केंजीला, म्हणजे आमच्या नायकाला, तीनदा मारायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा तलवार खांद्याला लागून गेली. दुसऱ्यांदा ती पोटाला लागली, पण ऐनवेळी एक वैद्य झाडपाला शोधत त्याच रानातून चालला होता. तिसऱ्यांदा केंजी बर्फात पडला, सगळे त्याला सोडून गेले, मला वाटलं आता झालं. तर पान उलटल्यावर तो उठून कपडे झटकत होता.

चौथ्या खेपेला ते वही माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "तुमीच मारा जी. माह्या हातानं नाई होऊन राहिलं."

मी मारला. खोटं कशाला सांगू, मला मजा आली. सात कादंबऱ्यांत कोणी मेलं नव्हतं, त्या सगळ्यांचा अनुशेष मी अडीच पानांत भरून काढला. चंद्र घातला, बर्फ घातला, बर्फावर रक्ताचे थेंब घातले, तलवारीच्या पात्यात चंद्राचं प्रतिबिंब घातलं. शेवटचा शब्द म्हणून केंजीच्या तोंडी 'हारुको' घातला. बाबूंनी ते दोनदा वाचलं, म्हणाले, "लय चांगलं लिवलं," आणि स्वतःच्या अक्षरात वहीत उतरवून घेतलं. मस्टर मात्र त्या दिवशी त्यांनी उघडलं नाही.

नागपूरला आम्ही दोघं गेलो. बाबूंनी पांढरा शर्ट घातला होता. प्रकाशकाने तिथेच शेवटची पानं वाचली आणि टेबलावर थाप मारली. "इसको बोलते हैं एंडिंग! बाबूजी, इतके दिवस कुठं लपून होते तुम्ही?" बाबूजी माझ्याकडे पाहत होते, मी छताच्या पंख्याकडे. मुखपृष्ठाचा नमुनाही तयार होता. एक बाई, हातात पंखा, मागे डोंगर, आणि खाली ठळक अक्षरांत बाबूंचं पूर्ण नाव. ते त्यांनी हातात घेतलं. नावावरून बोट फिरवलं. ओठ हलवून स्वतःचंच नाव वाचलं. सही करायचा कागद समोर आला, पेन आला.

"किती छापसान?" त्यांनी विचारलं.

"पाचशे. पाचशे ठिकाणी जाईल!"

"पाचशे." त्यांनी पेनाचं टोपण काढलं, थोडा वेळ धरून ठेवलं, पुन्हा लावलं. "म्हंजे पाचशे डाव मरन तो."

प्रकाशक हसला. त्याला तो विनोद वाटला. बाबूंनी टेबलावरची वही उचलली, पिशवीत घातली, मुखपृष्ठाचा कागद सरळ करून त्याच्यापुढे ठेवला. "माफ करा जी," म्हणाले, "तुमचा टाईम घेतला. जय भीम." आणि जिना उतरून गेलेसुद्धा.

परतीच्या बसमध्ये मी त्यांना काय काय बोललो, ते सगळं इथे लिहिण्यासारखं नाही. एक दिवसाची रजा गेली, झेरॉक्स गेली, माझी अडीच पानं गेली. लोक नाव छापून यावं म्हणून काय काय करतात, आणि हा माणूस एका कागदी जपान्यासाठी, जो जन्माला आला नाही, ज्याला मोहाची फुलं आणि साकुरा यातला फरक कळत नाही, त्याच्यासाठी! भंडारा येईपर्यंत मी बोलत होतो. ते पिशवी मांडीवर घेऊन ऐकत होते. तुमसरच्या पुढे मी थकलो, तेव्हा त्यांनी सुरुवात केली.

"खाली उतरताना मानसाले पितळंचा बिल्ला देतो आमी. वर आला का तो खिळ्यावर टांगाचा. सारे बिल्ले टांगले का पाळी सुटली. मी नवा होतो तवा. दुपारची पाळी सुटली अन् एक खिळा रिकामा. एक मानूस कमी. खाली मानसं पाठवली पाहाले. मले म्हने, तू सायकल घे अन् त्याच्या घरी पाहून ये, एखाद डाव घरी गेला असन. मी गेलो. त्याची बायको आंगनात तांदूळ पाखडून राहिली होती."

बाहेर धानाची शेतं मागे जात होती. त्यांनी पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले.

"मी दारात उभा. तोंड बी नाई उघडलं मी. तिनं मले पाहिलं, सूप खाली ठेवलं, डोक्यावर पदर घेतला. अन् मले विचारलं, 'जेवले होते का ते?'"

"मग?"

"मंग काय? तो भाई मागून आला, हातात कोंबडा! बिल्ला खिशातच घेऊन मेव्हन्याच्या फटफटीवर बाजाराले गेला होता. तिनं त्याले त्याच सुपानं हानलं. सारी कॉलनी हासली. मी बी हासलो. पन भाऊ, तिनं विचारलं ना मले, तवा माह्यापाशी सांगाले काईच नव्हतं. अखीन बी नाई."

हा किस्सा विनोदी आहे की नाही, ते मला ठरवता येईना, आणि माझ्यासारख्या माणसाची त्याने फार पंचाईत होते.

त्यांचा फाटा आला. कंडक्टरने घंटी मारली. उठताना ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमी चांगलंच लिवलं होतं, नाई म्हनत नाई. चंद्र होता, रगत होतं. केंजी मेला. मंग हारुकोच्या घरी सांगाले कोन गेलं?"

मी माझी अडीच पानं आठवून पाहिली. त्यात चंद्र होता, तलवार होती, बर्फ तर भरपूर होता.

"कोणीच नाही," मी म्हणालो.

"मंग ते बाई अखीन वाट पाहूनच राहिली ना," ते म्हणाले, आणि पिशवी सांभाळत खाली उतरले.